पाठलाग कोणी थांबवायचा?

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस हमखास विचारतो, "काका, तुम्ही पोलीस ड्रायव्हर ना? मग पिक्चरसारखा पाठलाग केलाय का कधी?" केलाय म्हटलं की त्याचे डोळे चमकतात. पुढचं ऐकायला मात्र तो फारसा राजी नसतो, कारण पुढचं बरंचसं 'आम्ही गाडी हळू केली' अशा प्रकारचं असतं. आमच्या मोटार परिवहन विभागात साहेब बदलत राहतात, गाड्या बदलतात, चालक तोच राहतो. त्यामुळे पाठलागाबद्दल मला जे कळलं ते एका साहेबाचं किंवा एका ठाण्याचं नाही. स्टिअरिंगमागच्या माणसाला जेवढं दिसतं, तेवढंच आहे.

आधी गाडीचं सांगतो. पिक्चरमध्ये पोलिसांची गाडी पळते, हवेत उडते आणि परत रस्त्यावर येते. आमच्याकडे बोलेरो होती. आत साहेब, मी, मागे तीन-चार अंमलदार, काठ्या, ढाली, हेल्मेटं, एखादं बॅरिकेडचं तुटकं पाय-स्टँड आणि रात्रीचे डबे. एवढं वजन घेऊन उंच गाडी शंभराच्या पुढे गेली की स्टिअरिंग हातात हलकं लागायला लागतं, आणि हलकं लागणं ही चांगली गोष्ट नसते. ताशी शंभरला गाडी एका सेकंदात साधारण २८ मीटर जाते. साहेबांनी "डावीकडे घे" म्हणेपर्यंत डावीकडचा फाटा मागे गेलेला असतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागून थांबायला चौपट अंतर लागतं, हे ट्रेनिंगमध्ये शिकवतात. ते पटतं मात्र ओल्या रस्त्यावर.

सायरनचंही असंच. लोकांना वाटतं सायरन लावला की रस्ता मोकळा होतो. थोडा होतोही. पण सायरनचा पहिला परिणाम आपल्यावरच होतो. छाती धडधडते, नजर पुढच्या गाडीच्या दोन लाल दिव्यांना चिकटते आणि कडेचं दिसेनासं होतं. वायरलेसवर कंट्रोल तीनदा कॉल साइन घेतं, तरी कुणाच्या कानावर पडत नाही. मागे बसलेले एरवी शांत असणारे हवालदार "दाब, दाब" करायला लागतात. गाडीत पाच जण असून रस्ता बघणारा एकच, आणि तोही पुढच्या गाडीकडेच बघतोय, अशी ती अवस्था. माझ्या मते पाठलागाचा निर्णय गाडीतल्या माणसाच्या हातात नसावा, त्याचं पहिलं कारण हेच. तो शूर नसतो किंवा मूर्ख असतो म्हणून नव्हे. त्या वेळी त्याला निम्मंच दिसत असतं.

दुसरं कारण पुढच्या गाडीत बसलेलं असतं. पळणाऱ्याचा वेग तो एकटा ठरवत नाही, त्याच्या आरशात दिसणारा आमचा दिवाही ठरवतो. आम्ही ऐंशीला तर तो नव्वदला, आम्ही शंभराला तर तो एकशेदहाला. हे मला एका डिझेलचोराने समजावलं. महामार्गाकडेला झोपलेल्या ट्रकांच्या टाक्यांतून नळी टाकून डिझेल काढणारी ती टोळी होती. पुढे तो सापडला आणि ठाण्यात बाकड्यावर चहा पिताना मोकळेपणाने बोलला. म्हणाला, "साहेब, तुमचा दिवा दिसायचा बंद झाला तसा मी गाडी हळू केली. पुढं टपरीवर थांबून वडापाव खाल्ला. टायरचीच भीती वाटत होती मला, पार गुळगुळीत झालेले." आम्ही त्याच्या मागे लागलेलेच राहिलो असतो तर त्या गुळगुळीत टायरांवर तो गावातून गेला असता.

त्या रात्रीचं सविस्तर सांगण्यासारखं आहे. खंबाटकीच्या नव्या बोगद्याचं काम सुरू होण्याआधीची गोष्ट. पुण्याहून साताऱ्याला जाताना गाड्या घाट चढून जायच्या, आणि साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्या गाड्या बोगद्यातून. बोगद्याच्या पुण्याकडच्या तोंडातून बाहेर पडलं की उतार, आणि उतारावरच इंग्रजी एस अक्षरासारखं वळण. त्या रस्त्यावर नेहमी गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा, त्या वळणाचं नाव काढलं की तो आधी हात जोडेल. ब्रेक तापलेला मालट्रक तिथे उलटलेला आम्ही कितीतरी वेळा बघितला होता.

आम्ही सुरूर फाट्याच्या अलीकडे असताना पांढरी जीप पुढून सुसाट निघाली. वायरलेसवर तिचाच नंबर चालू होता. नंबर पुरा मिळालेला होता, एवढं लक्षात ठेवा. शेजारी नवे फौजदार साहेब होते, वयाने माझ्या मुलाएवढे. वेळे गाव आलं तेव्हा मधलं अंतर बरंच कमी झालं होतं. मी म्हटलं, "साहेब, पुढं बोगदा आहे. बाहेर पडल्यावर वळण. तो ह्या वेगात त्यात शिरला तर तो जाईलच, शेजारचा एखादा एसटीवालाही जाईल." साहेब काही बोलले नाहीत. तेवढ्यात कंट्रोलवरून आवाज आला, "शिरवळला लावलंय, तुम्ही अंतर ठेवा." साहेबांनी स्वतःच हात पुढे करून सायरन बंद केला. मागच्या सीटवर कुणीतरी च्यक केलं. बोगद्यातून आम्ही साठला बाहेर पडलो, तेव्हा जीप दिसली नाही.

शिरवळलाही ती पोहोचली नाही. मधेच कुठल्यातरी आडरस्त्याने शेतात उतरली आणि सकाळी उसाच्या कडेला कॅन-नळ्यांसकट बेवारस सापडली. टोळी हाती लागायला आणखी काही आठवडे लागले. ते काम झालं नंबरावरून, मूळ मालकावरून आणि मोबाईलच्या टॉवरवरून. दुसऱ्या दिवशी ठाण्यात कुणी शाबासकी दिली नाही. "हातातला सोडला" असं दोघा-तिघांनी ऐकवलं. साहेबांना ते लागलं, हे मला दिसत होतं. नव्या अधिकाऱ्याला गोळी झाडण्यापेक्षा सायरन बंद करणं जड जातं, असं माझं मत आहे. गोळी झाडली तर निदान चौकशीत बाजू मांडता येते. सायरन बंद केला तर मांडायला काही नसतंच, कारण काही घडलेलंच नसतं.

कायदा काय म्हणतो, हे आम्हा चालकांना कळलं ते तुकड्यातुकड्यांनी. अटक करताना माणूस विरोध करत असेल तर लागेल ते बळ वापरता येतं, पण ज्याच्यावर देहान्ताच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याचा जीव घेता येत नाही. जुन्या फौजदारी संहितेत हे कलम ४६ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४३ मध्ये आहे. रस्त्याच्या नियमांत पोलीस, ॲम्ब्युलन्स, अग्निशमन यांना तातडीच्या वेळी सवलत आहे, पण ती काळजी घेऊन वापरायची. काळजी म्हणजे किती, ते रस्ता ठरवतो. निष्काळजीपणे गाडी चालवून कुणाचा जीव गेला तर त्याचं कलम चालकाच्या खाकीकडे बघून लागत नाही. ह्या सगळ्यातून 'आता थांब' असं स्पष्ट वाक्य मला कधी सापडलं नाही. ते वाक्य साहेबांच्या स्वभावात असलं तर असायचं, नाहीतर नाही.

नसलं तर काय होतं, ते मी एका पंचनाम्याला पाहिलं. गाव-ठाणं सांगत नाही. गुटख्याची गाडी होती. आपल्याकडे २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, आणि तेव्हापासून परराज्यातून येणाऱ्या ह्या गाड्या रात्रीच्या रस्त्यांवर कायमच्या झाल्या. त्या पहाटे एक व्हॅन नाक्यावर न थांबता निघाली. दुसऱ्या ठाण्याची जीप तिच्या मागे लागली, आणि गावाच्या वेशीवर व्हॅनने एका मोपेडला उडवलं. मोपेडवर दूध घालायला निघालेला माणूस होता. तो जागीच गेला. मला पंचनाम्याच्या वेळी अधिकाऱ्यांना घेऊन जायला बोलावलं होतं. टेपचं एक टोक माझ्या हातात होतं. व्हॅनच्या ब्रेकची खूण रस्त्यावर कुठेच नव्हती. जीपच्या ब्रेकची होती, काळीकुट्ट, लांबलचक, दोन्ही चाकांची, आणि ती मोपेडच्या बरीच पुढे जाऊन संपत होती. हवालदारांनी मीटर-सेंटीमीटर लिहून घेतले. पंचांपैकी एक म्हातारे गृहस्थ टेपकडे बघत म्हणाले, "पुड्याच होत्या ना त्यात?" कुणी उत्तर दिलं नाही. ते विचारतही नव्हते म्हणा.

गुन्हा व्हॅनवाल्यावर दाखल झाला. तो योग्यच होता, मारलं त्यानेच. पण नंतर ती जीप माझ्याकडे एका फेरीसाठी आली, तेव्हा मी सवयीने लॉगबुक उघडलं. पोलिसांच्या प्रत्येक गाडीत हे असतं. तारीख, कुठून, कुठे, सुरुवातीचे किलोमीटर, शेवटचे किलोमीटर, डिझेल, कारण, सही. त्या पहाटेच्या ओळीत कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'पेट्रोलिंग'. किलोमीटर बरोबर होते. मागे लागा असं कोणी सांगितलं, किती वाजता, कशासाठी, थांबा म्हणायला कोणी होतं का, यातलं काहीही त्या ओळीत नव्हतं. चालकाने लपवलं असं मी म्हणत नाही, मीही वर्षानुवर्षं तेच लिहीत आलो. त्यासाठी तिथे रकानाच नाही.

वाळूच्या गाड्यांचं प्रकरण वेगळंच. त्यांच्यामागे पोलिसांपेक्षा महसूलवालेच जास्त धावतात, आणि आम्हाला बंदोबस्त म्हणून सोबत नेतात. वाळूवाल्याची माणसं चौकाचौकात मोटारसायकलवर बसलेली असतात. तहसीलदारांची गाडी आवारातून निघाली की नदीपर्यंत फोन पोहोचतो. आणि वाळूचा हायवा ट्रक मागे लागलेल्यांना बघून नुसता पळत नाही, पळता पळता हौदा वर करतो. मागच्या गाडीपुढे ओल्या वाळूचा ढीग येऊन पडतो, रस्ताभर. रात्री दिव्यात ती वाळू आधी दिसतच नाही, रस्ता अचानक वर आल्यासारखा वाटतो. एकदा असं झाल्यावर मी पुढे जायला साफ नकार दिला होता. नायब तहसीलदार बाई माझ्यावर चिडल्या आणि खाली उतरून त्यांनी वाळूत पाय घालून बघितला. पाय घोट्यापर्यंत रुतला. मग त्याच म्हणाल्या, "राहू द्या, वजनकाट्यावर बघू."

पण खरं सांगायचं तर चोर, गुटखा, वाळू ह्यांचे पाठलाग मोजकेच. रोजचा पाठलाग असतो तो पोरांचा. ट्रिपल सीट, लायसन्स नाही, हेल्मेट नाही, नंबर प्लेट अशी वळवलेली की आकड्यांत 'बॉस' नाहीतर 'दादा' वाचता यावं. नाका दिसला की हे वळतात आणि उलट्या दिशेने सुटतात. त्यांचा गुन्हा केवढा? पोलिसाचा हुकूम मानला नाही याचा दंड २०१९च्या दुरुस्तीने ५०० वरून २००० रुपये झाला, तेवढाच. आणि आमचा एखादा जवान काय करतो, तर जाणाऱ्या गाडीच्या हँडलवर काठी आडवी घालतो, कॉलर धरतो, किल्ली ओढायला जातो. मी ह्याच्याविरुद्ध पहिल्यापासून बोलत आलोय. २०१८ साली तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ हेल्मेट नसलेल्या जोडप्याच्या दुचाकीमागे एक पोलीस निरीक्षक लागले, त्यांनी गाडीला लाथ मारल्याचं प्रकरण देशभर गाजलं. मागे बसलेली तरुणी पडून मेली, पती वाचला. हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि निरीक्षकांना अटक झाली. ती बातमी मी कापून आमच्या विश्रांतीच्या खोलीतल्या फळ्यावर टाचणीने लावली होती. तिसऱ्या दिवशी कुणीतरी काढली. मी पुन्हा लावली.

मग पकडायचंच नाही का? पकडायचं, पण पुढून. गाडी मागून पकडली जात नाही, ती पुढे अडते. सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेलं उदाहरण २६ नोव्हेंबर २००८च्या रात्रीचं. अतिरेक्यांनी पळवलेल्या पोलिसांच्या क्वालिसमध्ये मागे जखमी पडलेले अरुण जाधव, त्यांनी वायरलेसवरून कंट्रोलला कळवलं. दोघे अतिरेकी पुढे स्कोडा घेऊन मरीन ड्राइव्हकडे गेले. गिरगाव चौपाटीला डी. बी. मार्ग ठाण्याच्या लोकांनी बॅरिकेड लावून ती अडवली. तुकाराम ओंबळे हातात काठी असताना रायफलला भिडले आणि गेले, त्यांना पुढे अशोकचक्र मिळालं. त्या शौर्याबद्दल मी काय बोलणार. मला चालक म्हणून त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ती स्कोडा कुणी मागून रेटत आणून अडवली नव्हती. संदेश तिच्यापेक्षा आधी पोहोचला होता आणि माणसं योग्य जागी उभी होती.

नाकाबंदी हे आमच्या खात्यातलं सगळ्यात दुर्लक्षित कसब आहे. बॅरिकेड एका रेषेत लावायचे नसतात, नागमोडी लावायचे, म्हणजे गाडीला वेग कमी करावाच लागतो. वळण संपल्या संपल्या लावायचे नाहीत, चालकाला लांबून दिसले पाहिजेत. दिवा बॅरिकेडवर पाहिजे, उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांवर नको. माणसांनी बॅरिकेडच्या आड कडेला उभं राहायचं, मधोमध हात दाखवत नाही. खिळ्यांची पट्टी टाकायची असेल तर ती ओढून घेणारा माणूस आधी ठरलेला पाहिजे, नाहीतर मागून येणाऱ्या भाजीच्या टेम्पोचे टायर जातात. आणि आमच्याकडची एक खास सवय, ती मला कधीच पटली नाही. घाईत येणारा-जाणारा मालट्रक थांबवायचा आणि रस्त्यात आडवा लावायला लावायचा. ट्रकवाला बिचारा घाबरून लावतो. त्या ट्रकमध्ये क्लीनर झोपलेला असतो. पुढून येणारी गाडी आदळली तर आधी तो मरणार. मी पाहिलं की आधी केबिनवर थाप मारून विचारायचो, आत कोण आहे?

पोलीस ट्रेनिंगच्या एका शिबिरात परदेशातल्या पद्धतींची माहिती ऐकली होती. ब्रिटनमध्ये पाठलाग सुरू झाल्यावर त्याची सूत्रं कंट्रोल रूममधल्या अधिकाऱ्याकडे जातात, आणि तो पुढे चालू ठेवायचा चालकही खास शिकलेला लागतो. हे मला एकदम पटलं. माझ्याशेजारी बसलेले एक जुने हवालदार मात्र म्हणाले, "पोलीस मागे येत नाहीत हे एकदा कळलं की सगळेच पळतील." हसण्यावारी नेण्यासारखा हा मुद्दा नाही. न्यूझीलंडने डिसेंबर २०२० मध्ये पाठलागाचे नियम फार आवळले, तर न थांबता पळणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, आणि २०२३ मध्ये त्यांना ते पुन्हा सैल करावे लागले. म्हणजे 'कधीच नको' हे नियमात बसत नाही आणि रस्त्यावरही टिकत नाही. पोरगी पळवून नेणारी गाडी पुढे असेल तर मीसुद्धा मागे लागेन, बोगदा असो की घाट. प्रश्न एवढाच की पुढे काय आहे हे माहीत असलं पाहिजे, आणि माहीत असलेल्या माणसाच्या हातात ब्रेक असला पाहिजे.

आता ते थोडं सोपं झालंय. २०२१ पासून ११२ च्या गाड्या आल्या, त्यांत स्क्रीन असतो आणि गाडी कुठे आहे ते कंट्रोलला दिसतं. माझ्या हाताखाली शिकलेला एक पोरगा त्यातल्या एका गाडीवर आहे. गेल्या दिवाळीत घरी आला, तर फराळाला हात लावायच्या आधी तक्रारच सुरू. एका दुचाकीमागे लागला होता, मोबाईल हिसकावून पळालेले दोघे. कंट्रोलच्या साहेबांनी विचारलं, कोणी जखमी आहे का, नंबर दिसला का, समोर गर्दी किती. नंबर अर्धा दिसला होता, जखमी कोणी नव्हतं, समोर आठवडी बाजार. "सोडा, पुढे कळवतो," एवढंच उत्तर आलं.

"काका, दोन मिनिटांत धरला असता," तो म्हणाला.

"बाजारातून?"

"गल्लीनं काढला असता."

"त्या गल्लीत भांड्यांवाल्या बाया बसतात."

तो गप्प बसला, पण पटलं असं काही म्हणाला नाही. मोबाईल कुणाचा होता ते विचारलं तर म्हणाला, कॉलेजच्या एका मुलीचा, तिने हप्त्यावर घेतलेला, तीन हप्ते राहिलेले. ती ठाण्यात येऊन त्यालाच विचारून गेली होती, दादा, दिसत होते तर का नाही धरले? ह्यावर मलाही चटकन काही सुचलं नाही. करंजीचं ताट मी त्याच्यापुढे सरकवलं.

मग विचारलं, "लॉगबुकात काय लिहिलंस?"

"पेट्रोलिंग."

"कंट्रोलच्या साहेबांचं नाव लिही. किती वाजता थांबवलं ते लिही. का थांबवलं तेही."

"कुठं लिहू काका? शेऱ्याचा रकाना केवढा असतो, तुम्हाला माहितीये."

"समासात लिही," मी म्हटलं. "उद्या कोणी विचारलं तर सांग, पान पुरलं नाही."